गाणं वाजतंय, पण म्हणणारा गायब

रेडिओ केंद्रात नव्याने लागलेल्या पोरांचे मला अधूनमधून फोन येतात. "दादा, सॅटेलाइट रिसीव्हर बसवायला सांगितलाय, पहिल्यांदाच करतोय, काय काय बघू?" डिप्लोमा झालेला असतो, डेसिबल कळतो, एलएनबी, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसणारा सिग्नल पकडणारा डबा, काय ते माहीत असतं. ते मी सांगत बसत नाही. मी विचारतो, "सोल्डरिंग कोण करणार?" पोरगं म्हणतं, "मीच की." मग मी खुर्ची ओढून बसतो, कारण माझं वाटोळं तिथेच झालं होतं. डिश मात्र माझी पहिल्या दिवशीच बरोबर लागली होती.

मी सांगलीतल्या एका केंद्रावर होतो, नाव सांगत नाही. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीने यायचो. त्याआधी दोन मुलाखतींत "प्रॅक्टिकल अनुभव काय?" या एका प्रश्नावर आपटलो होतो. त्यामुळे नवीन रिसीव्हर बसवायचं काम निघाल्यावर मीच हात वर केला. मुख्यालयाचे कार्यक्रम रात्री ९ ते ११ उपग्रहावरून यायचे, बाकी दिवसभर आमचंच स्थानिक प्रक्षेपण.

डिशचं थोडक्यात उरकतो. आमची फीड, म्हणजे मुख्यालयाचा सिग्नल, ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहावर होती. सांगलीहून त्यासाठी दिगंश (उत्तरेपासून मोजलेला कोन) साधारण १५३ अंश आणि क्षितिजापासून उंची ६८ अंश येते, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला आणि जवळजवळ डोक्यावर. साताऱ्याच्या पोरांची तर चैनच आहे. सातारा शहर ७४ अंश रेखावृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे ७४ अंशांवरचा उपग्रह त्यांना नाकासमोर दक्षिणेला सापडतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा धरायची असेल तर लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभं राहा. मी खांबाला टेकून दिशा बघत होतो आणि अर्धी दुपार आकाशात भलतीकडेच शोधत बसलो होतो.

शेवटी डिश लावून दिली ती मिरजेच्या एका केबलवाल्या काकांनी. शिक्षण आठवी. मीटर हातात न घेता त्यांनी आधी खांब ओळंब्यात आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "खांब वाकडा आसंल तर तुझं सगळं गणित वाकडं." माझं मत विचाराल तर पदवीवाल्या दहा साहेबांपेक्षा असा एक काका गाठावा. चहा पाजावा, त्याच्या गाडीवर मागे बसून दोन गच्च्या फिराव्यात. आमच्या साहेबांकडे मॅन्युअल होतं, ते कपाटात कुलूपबंद असायचं. ज्ञान कुलपात ठेवणाऱ्या माणसाच्या मागे फार दिवस फिरू नका.

एलएनबीच्या बाबतीत मात्र काकांचंही ऐकू नका. ते म्हणाले, "टीव्हीचा लाव की, दोनशे रुपडं वाचतील." टीव्हीची कॅरिअर, म्हणजे कार्यक्रम वाहून आणणारी लहर, रुंद असते. एलएनबीचा ऑसिलेटर (आतली ठरावीक कंपनं देणारा भाग) उन्हाने अर्धा-एक मेगाहर्ट्झ सरकला तरी तिला फरक पडत नाही. नुसत्या ऑडिओची कॅरिअर अरुंद, आमची जेमतेम काहीशे किलोसिम्बॉलची होती. एप्रिलच्या दुपारी गच्ची तापली की साधा एलएनबी सरकतो आणि रिसीव्हर लॉक सोडतो, म्हणजे धरलेला सिग्नल त्याच्या हातून निसटतो. संध्याकाळी गार झाल्यावर लॉक आपोआप परत येतो, आणि तुम्ही केबल बदलत बसता. पीएलएलवाला, म्हणजे ऑसिलेटर जागेवर धरून ठेवणारा, एलएनबी घ्या. आमची फीड ज्या पट्ट्यात यायची त्या सी-बँडसाठी रिसीव्हरमध्ये लोकल ऑसिलेटर ५१५० मेगाहर्ट्झ भरा. एलएनबीला वीज रिसीव्हरच देणार की दुसरं कोणी, तेही एकदा पक्कं करा. स्प्लिटर मध्ये असेल तर सहसा त्याच्या एकाच तोंडातून वीज जाते.

आता हे सगळं जमलं. लॉकचा हिरवा दिवा लागला, मार्जिन, म्हणजे गरजेपेक्षा वरचा सिग्नल, चांगलं आलं. उरली रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंतची दोन मीटर केबल, डाव्याची एक आणि उजव्याची एक. दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचे ऑडिओ कनेक्टर. संध्याकाळी सात वाजता घाईघाईत मी ती सोल्डर केली, कारण साडेसातची शेवटची गाडी गाठायची होती. जोडलं, हेडफोन कानाला लावला. आवाज स्वच्छ. साहेब दारातूनच म्हणाले, "आवाज येतोय ना? मग झालं काम."

हे वाक्य कोणी म्हणालं की तिथेच थांबा. अजून ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. जत, कवठेमहांकाळकडून. एक गृहस्थ म्हणाले, "गाणं वाजतंय ओ, पर म्हणणारा गायब हाय." दुसरे, वडापची गाडी चालवणारे, म्हणाले, "मिरज सोडली की तुमच्या बाई हळूहळू गप हुत्यात." सांगली शहरातून एकही तक्रार नाही. लांब गेलं की बिघडतंय म्हणजे रेंज, असं मी ठरवून टाकलं. ट्रान्समीटरची पॉवर तपासली. मनोऱ्यावर चढणारा माणूस बोलावला, त्याचे पैसे गेले. त्याला अँटेनात काही सापडलं नाही तेव्हा मी त्याच्यावरच वैतागलो. बिचारा भर उन्हात दोन तास वर होता.

फोन कुठून आला हे मी वहीत लिहीत होतो. किती वाजताच्या कार्यक्रमाबद्दल आहे, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळे रात्री ९ ते ११ मधलेच निघाले असते. रेंज काय रात्री नऊला बिघडून अकराला सुधारते?

उलगडा घरी झाला. सुट्टीच्या रात्री आई भाकरी थापत होती, चुलीमागच्या फळीवर तिचा एका स्पीकरचा जुना सेट. आई म्हणाली, "तुझंच केंद्र लावलंय बघ. पण बाई का बोलत न्हाईत आज?" खरंच, पेटी लांबून विहिरीतून आल्यासारखी, मागे घुमारा, आणि गाणारा नाहीच. मी मोबाइलला इअरफोन लावून तेच केंद्र धरलं. गाणारा हजर! दोन्ही सेट एकाच फळीवर, हातभर अंतरावर. मग रेंजचा काय संबंध? भाकरी तव्यावर होती, मी तसाच अंगणात जाऊन बसलो. काय झालंय ते कळलं होतं, आणि पुढच्या एसटीला सकाळपर्यंत वेळ होता.

आता नीट ऐका, दोनदा सांगावं लागलं तरी सांगतो. एक्सएलआरची पिन १ म्हणजे शील्ड, २ गरम, ३ थंड; गरम-थंड म्हणजे तोच सिग्नल, एकावर सुलटा, दुसऱ्यावर उलटा. उजव्या केबलच्या एका टोकाला माझ्याकडून २ आणि ३ ची अदलाबदल झाली होती. त्यामुळे आवाज बंद पडत नाही. तो उलटा होतो. डाव्या स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा उजव्याचा मागे जातो. जात्यावर बसलेल्या दोघींसारखं समजा. खुंटा एकच. दोघी एका दिशेने फिरवतात तोवर पीठ पडतं. एकीने उलटा जोर लावला की जातं जागच्या जागी, आणि दम मात्र दोघींचाही जातो.

निवेदिकेचा किंवा गायकाचा आवाज बहुतेक वेळा डाव्या-उजव्यात सारखाच असतो. एफएम स्टिरिओत डावा अधिक उजवा ही बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंत मुख्य जागी जाते, १९ ला पायलट, म्हणजे स्टिरिओ आहे हे सांगणारा सूर, असतो, आणि डावा वजा उजवा ही वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना बसते. एका स्पीकरच्या सेटला फक्त बेरीज ऐकू येते. एक बाजू उलटी असेल तर सारखा आवाज त्या बेरजेत शून्य होतो. जे दोन्हीकडे वेगवेगळं आहे, म्हणजे घुमारा, कडेची वाद्यं, तेवढं उरतं. स्टिरिओ सेटवर आवाज येत राहतो, फक्त जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा. मी तो "काय भारी पसरलाय" म्हणून मिरवला होता.

आणि लांबच का? गाडीतला रेडिओ सिग्नल कमजोर झाला की खरखर टाळायला स्टिरिओ हळूहळू मिटवून मोनोवर येतो. म्हणून मिरज सोडली की बाई हळूहळू गप्प. वडापवाल्या दादांनी मला रोगाचं नाव सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.

आवाज बंद पडला की ओरडणारा सायलेन्स डिटेक्टर का बोंबलला नाही? कारण डावीकडे पातळी होती, उजवीकडेही होती. मीटरच्या सुया दोन्ही छान नाचत होत्या. तुमच्या रॅकमधलं कोणतंही यंत्र हे आपणहून सांगणार नाही, डावा-उजवा जुळतात का ते दाखवणारा फेज मीटर असेल तर गोष्ट वेगळी. तो अधिक एककडे झुकलेला हवा. वजाकडे बसून राहिला तर कात्री घ्या.

तर केबल केल्यावर मल्टिमीटरने पिनला पिन लावून बीप ऐका. १ ला १, २ ला २, ३ ला ३, आणि आडवेतिडवेही लावून बीप येत नाही ना ते पाहा. कनेक्टरच्या सोल्डरच्या बाजूने पाहिलं की पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो, मी तिथेच फसलो. पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो, तो वाचा, लागला तर भिंग घ्या. मग मिक्सरवरचं मोनोचं बटण दाबा. आवाज जागेवर राहिला तर ठीक, बुडाला तर केबल उलटी. हे करायला दहा सेकंद लागतात. माझे अकरा दिवस गेले.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. मला कोणी काढून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना चूक सांगितली, ते दोन मिनिटं गप्प बसले, मग कपाटाची किल्ली काढून मॅन्युअल माझ्या टेबलावर ठेवलं. त्यांच्याबद्दल वर जे लिहिलं ते मी खोडत नाही, पण हेही खरं.

बाकीचं पटापट सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावणेबाराच्या आसपास सूर्य बरोबर ८३ अंशांवरच्या त्या उपग्रहाच्या मागे येतो. काही दिवस, रोज काही मिनिटं सिग्नल जातो. तेव्हा डिशला हात लावू नका. मी लावला होता, आणि सूर्य सरकल्यावर हललेली डिश परत लावायला काकांना पुन्हा चहा पाजावा लागला. घरची डिश पावसात बंद पडते म्हणून इथे धास्ती घेऊ नका. ती केयू-बँडवर असते. सी-बँडची लहर तिच्या जवळपास तिप्पट लांब, आपल्या पावसाला ती फारशी दबत नाही. पाणी शिरतं ते एफ-कनेक्टरमध्ये, म्हणून केबलला खाली एक झोळ द्या. एलएनबीच्या तोंडाशी असलेल्या फीडहॉर्नची टोपी निघाली तर गांधीलमाश्या घर करतात, विचारू नका मला कसं कळलं. २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना गेलाय, तो आपल्या सी-बँडला खेटून आहे. शेजारच्या गच्चीवर फाइव्ह-जीचा टॉवर उभा राहिल्यावर मार्जिन घसरलं तर एलएनबीच्या तोंडाला बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त आपला पट्टा आत सोडणारी चाळणी, लावावा लागेल.

सांगलीत असाल तर रॅक तळमजल्यावर ठेवू देऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. लोकांना रेडिओ सगळ्यात जास्त लागतो तो अशाच वेळी. जागेवरून वाद होईल, घाला. नवीन आहात म्हणून गप्प बसायचं हे एवढ्या बाबतीत नको.

आईचा तो सेट आता कंट्रोल रूममध्ये माझ्या डोक्यावरच्या फळीवर असतो. त्याबदली तिला दोन स्पीकरचा नवा घेऊन दिला. ती म्हणते, ह्यात बाई लईच बोलत्यात.