वाईहून कृष्णेच्या खोऱ्यात सायकलने जाताना

वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ पसरणीच्या घाटात लागते, म्हणून सायकलस्वाराने तो रस्ता टाळून कृष्णेच्या खोऱ्यात मेणवली आणि धोमच्या दिशेने वळावे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा व त्यामागचा घाट पाहण्यासाठी थांबावेच. घाटावरच्या मंदिरातील घंटा पोर्तुगीज आहे. पुढे धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने चढउतार सुरू होतात, तेव्हा चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा, कारण पायावर जोर आल्यावर बदलल्यास चेन कुरकुरते आणि प्रसंगी निसटते. उतारावर ब्रेक सलग दाबून न ठेवता वळणाआधीच वेग कमी करावा, विशेषतः ऊसतोडणीच्या दिवसांत, जेव्हा वळणापलीकडे ट्रॉली उभी असू शकते. जादा ट्यूब, पंप आणि पाणी वाईतच घ्यावे.