पायाची जखम आणि विम्याची पूर्वमंजुरी: नोंदी पहिल्या आठवड्यापासून ठेवा

अमेरिकेत मेडिकेअर ॲडव्हांटेजवर (सरकारी आरोग्य विमा मेडिकेअरची खाजगी कंपन्यांकडून चालणारी योजना) असलेल्या आईवडिलांची मधुमेही पायाची जखम भरत नाही, डॉक्टर हायपरबेरिक ऑक्सिजन (जास्त दाबाच्या कक्षात शुद्ध ऑक्सिजन देण्याचा उपचार) सुचवतात, आणि नोंदी अपुऱ्या म्हणून पूर्वमंजुरी, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीची घ्यायची परवानगी, अडते. म्हणून जखम दिसल्यापासूनच नोंदींचं एक पान तयार ठेवा.

१. दर भेटीला तारीख, जखमेची लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

२. या उपचारासाठी मेडिकेअरची अट अशी: वॅग्नर ग्रेड ३ किंवा त्यावरची जखम (वॅग्नर ही मधुमेही पायाच्या जखमेची तीव्रता सांगणारी श्रेणी; ३ म्हणजे गळू किंवा हाडाचा संसर्ग असलेली खोल जखम), आणि नेहमीचे उपचार करूनही सलग ३० दिवस मोजता येईल अशी सुधारणा नाही. नेहमीच्या उपचारांत पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी, साखरेवर नियंत्रण, पोषण, मेलेला भाग काढणे, ओलसर ड्रेसिंग, पायावरचा भार कमी करणे आणि संसर्ग असल्यास त्यावर उपचार हे सगळं येतं. प्रत्येकापुढे तारीख हवी. भार कमी करण्यासाठी कोणता बूट किंवा कास्ट (प्लास्टर) दिला, हे लिहायचं सहज राहून जातं. ते आवर्जून विचारा.

३. हे पान अर्जासोबतच जोडायला सांगा. साध्या अर्जाचं उत्तर २०२६ पासून ७ दिवसांत यायला हवं. पाय धोक्यात असेल तर डॉक्टरांना तातडीचा अर्ज करायला सांगा, त्याची मुदत ७२ तास. नकार आला तर नेमकं कारण देणं कंपनीला बंधनकारक आहे.

मोजमापं मात्र नंतर आठवून भरू नका. दवाखान्याच्या नोंदीशी आकडे जुळले नाहीत, तर सगळ्याच पानावर शंका घेतली जाते.