निराधार अनुदानाचे काम करताना : अर्जाआधी आधार-बँक सीडिंग तपासा

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ योजना यांचे अर्ज भरून देण्याच्या कामात जे नव्याने येत आहेत, त्यांना वयाची ६५ वर्षांची सीमा, २१,००० रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला हे सारे ठाऊक असेलच. मला सांगायचे आहे ते मंजुरीनंतरचे.

माझ्या पहिल्याच वर्षी एका विधवा शेतमजूर बाईंचा अर्ज मंजूर झाला, पण ७ महिने त्यांच्या पासबुकावर दरमहाचे १,५०० रुपये उतरलेच नाहीत. मी तहसील कार्यालयातील या योजनेच्या शाखेवर संशय घेतला, निवेदने दिली आणि दर वेळी त्यांची दिवसाची मजुरी बुडवून त्यांना सोबत नेले. त्याची बोच अजून गेलेली नाही, कारण पैसे दरमहा सुटत होते. थेट लाभ हस्तांतरणात रक्कम अर्जावर लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नसते. एनपीसीआय या बँकांमधील देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधार क्रमांकापुढे जी बँक शेवटची लागलेली असते, तिथल्या खात्यात ती जाते. बाईंनी कधीतरी मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून खाते उघडले होते आणि सारी रक्कम तिथे साठत होती.

बँकेत ‘आधार लिंक आहे’ असे सांगतात, तेव्हा पुष्कळदा ते केवायसीपुरतेच, म्हणजे ओळख पटवण्यापुरतेच असते. सीडिंग, म्हणजे एनपीसीआयकडे आधारापुढे बँक लागणे, ही वेगळी नोंद असून तिच्यासाठी बँकेत स्वतंत्र संमतीपत्र द्यावे लागते. म्हणून अर्ज लिहायला घेण्यापूर्वी यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा; ओटीपी येणारा क्रमांक बंद असेल, तर आधी आधार केंद्रात तो बदलून घ्या. शहरातील वस्त्यांत हे अधिकच जपा, कारण कामासाठी घर बदलत राहणाऱ्यांची खातीही ठिकठिकाणी असतात.

‘करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती कागद कदापि देऊ नका. त्याचा संबंध मंजुरीपर्यंतच असतो. माझ्या मते प्रशिक्षणवर्गापेक्षा बँकेतील एखादा जुना, समजूतदार कर्मचारी अधिक शिकवतो. मलाही अशाच एका कर्मचाऱ्याने हे दाखवले. दरवर्षीचे हयात प्रमाणपत्र मात्र तुमच्याच वहीत नोंदवून ठेवा, कारण ते चुकले की अनुदान थांबते.

एवढे ऐकून घाबरू नका. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात गेलेले पैसे बुडत नाहीत. त्या बाईंची सातही महिन्यांची रक्कम त्याच दुकानात अंगठ्यावर निघाली आणि संमतीपत्र दिल्यावर पुढचा हप्ता त्यांच्या गावच्या बँकेत आला.