रायफलचा ट्विस्ट ठरवताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर येणारी नवी पोरं परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून विचारतात, "दादा, ट्विस्ट कुठला भारी?" ट्विस्ट म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचा पीळ, जो गोळीला स्वतःभोवती फिरवतो. आपल्याकडे शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. दाजीपूरचा गवा उसात शिरला तरी त्याच्यावर बंदूक रोखायची नाही, तो त्या कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी. तेव्हा आपला सगळा खेळ कागदी टार्गेटवर. नळीच्या आतलं गणित मात्र शिकारीच्या रायफललाही तेच.

1:10 म्हणजे दहा इंचांत गोळीची एक फेरी. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ जास्त.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गोळीचं वजन बघून ट्विस्ट ठरवण्यात. खरा हिशोब लांबीचा असतो. ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाचं 1879 चं सूत्र आजही अंदाजाला पुरतं: व्यासाचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी, सगळं इंचात. पॉइंट टू-टू (.22) रायफलची 40 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी 0.224 इंच जाड, साधारण 0.46 इंच लांब. उत्तर 16 च्या आसपास येतं, आणि त्या रायफलींचा ट्विस्ट 1:16 च असतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला पीळ जास्त लागतो. "55 ग्रेनच आहे की" म्हणून भागत नाही.

यात कंपन्याही फसल्यात. 1955 मध्ये रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीनं .244 काडतुसाची रायफल काढली ती 1:12 पिळाची, हलक्या गोळ्यांसाठी. शिकाऱ्यांना हरणासाठी 100 ग्रेनची गोळी हवी होती, ती विंचेस्टरच्या .243 मधून 1:10 मुळे नीट जायची. गिऱ्हाईक तिकडं गेलं. 1963 मध्ये रेमिंग्टनला तेच काडतूस 1:9 पिळात, 6 मिमी रेमिंग्टन या नावानं पुन्हा आणावं लागलं.

मग सरळ 1:7 घ्यावा का? .223 काडतुसाच्या रायफलमध्ये गोळी सेकंदाला 900 मीटर वेगानं निघाली, तर 1:7 मध्ये ती मिनिटाला सुमारे तीन लाख फेऱ्या घेते. पातळ जॅकेटची (वरच्या धातूच्या आवरणाची) हलकी गोळी त्यात हवेतच फुटू शकते. 77 ग्रेनची लांब गोळी मारायची असेल तर 1:7 योग्य, 55 ला 1:12 सुद्धा चालतो. दोन्हींच्या मध्ये अडकलात तर माझं मत 1:9 कडं; थोडा जास्त पीळ सहसा खपतो, कमी पडला की गोळी लडबडते.

जुन्या रायफलीचा ट्विस्ट ऐकीव माहितीवर धरू नका, मोजा. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याची खात्री करा, बोल्ट काढा. घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावलेला, मूठ मोकळी फिरणारा क्लीनिंग रॉड आत ढकला, रॉडवर खूण करा, एक फेरी पूर्ण होईपर्यंत किती इंच आत गेला ते बघा. मूठ फिरत नसेल तर पॅच खाचांवरून घसरतो आणि आकडा भलताच येतो.

स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं, तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. दोघांचाही प्रकार 50 मीटरचा, म्हणजे पॉइंट टू-टूचा. तिथं ट्विस्ट निवडायचा प्रश्नच फारसा येत नाही. पैसे घालायचेच तर वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपांची) काडतुसं आपल्या नळीत तपासण्यात घाला.

टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं, तर गोळी आडवी होऊन गेली. 1:16 मध्ये 60 ग्रेनची गोळी घातली असेल तर कारण तेच. नेहमीची 40 ग्रेनची असेल तर ट्विस्टला दोष देण्याआधी नळीत साचलेलं शिसं काढा आणि नळीच्या तोंडाच्या कडेवर, म्हणजे क्राउनवर, ओरखडा आहे का ते बघा.