लवंगेचं तेल कसं वापरावं: दाढदुखीपासून भिंतीवरच्या बुरशीपर्यंत

दाढ ठणकायला लागली की लवंगेच्या तेलाची बाटली शोधली जाते. घाईत कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि तसाच दाढेखाली धरायचा, ही सर्रास चालणारी पद्धत. ठणका थोडा वेळ थांबतोही, पण नंतर हिरडी पांढरी पडते, सोलते, आणि दाढेपेक्षा तीच जास्त चुरचुरते. हे तेल थेंबांनी मोजायचं असतं आणि जवळपास कुठल्याही कामासाठी आधी पातळ करायचं असतं. एवढं सांभाळलं तर ते फार कामाचं आहे.

आधी बाटली तपासा

एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे वाळलेल्या लवंगा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मुरवून केलेलं तेल. ते सौम्य असतं. दुसरं म्हणजे लवंगांमधून वाफेने काढलेला अर्क. या लेखातली सगळी मापं या अर्काची आहेत. त्यात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. नसांमधून जाणारा वेदनेचा निरोप तेच अडवतं. लावल्यावर आधी चरचरतं आणि मग बधिर होतं, तेही युजेनॉलमुळेच.

लेबलवर सिझिजियम अरोमॅटिकम हे शास्त्रीय नाव आहे का ते पाहा. शिवाय तेल कळीचं, पानाचं की देठाचं, म्हणजे बड, लीफ की स्टेम, हेही पाहा. पानांचं तेल स्वस्त असतं आणि त्याचा वास जास्त उग्र. अंगाला किंवा तोंडात लावायचं असेल तर कळीचंच घ्या.

भेसळीची एक सोपी चाचणी घरी करता येते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडा. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असल्यामुळे थेंब तळाशी जातो. पृष्ठभागावर अडकलाच तर काडीने हलकेच टोचा. तरीही तवंग वरच तरंगत राहिला, तर त्यात दुसरं हलकं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता दाट. थेंब बुडाला म्हणजे तेल शंभर नंबरी असं मात्र समजू नका, कारण नुसतं युजेनॉलही बुडतंच.

दाढ दुखत असेल तर

१. कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरा. दातांच्या फटीत अन्नाचा कण अडकला असेल तर दोऱ्याने, म्हणजे डेंटल फ्लॉसने, काढा. कित्येकदा दुखणं तेवढ्यानेच निम्मं होतं.

२. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली खोबरेल तेल घ्या. त्यात लवंगेच्या तेलाचे २ थेंब घालून ढवळा.

३. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचं टोक त्यात भिजवा आणि वाटीच्या काठावर दाबून निथळून घ्या. ही पायरी गाळू नका. निथळलेलं टोक जिथे लावाल तिथेच राहतं. ओथंबलेल्या टोकातून तेल हिरडीवर, जिभेवर, घशात उतरतं.

४. आरशासमोर उभं राहून फक्त किडलेल्या भागाला किंवा दुखऱ्या दाताला टोक लावा. हिरडीवर चोळू नका.

५. पाचेक मिनिटं तोंडात लाळ जमू द्या, गिळू नका. मग थुंका आणि चूळ भरा.

६. बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही खाऊ-पिऊ नका. गाल चावला गेला किंवा जीभ पोळली तरी त्या वेळी कळत नाही.

पुन्हा लावायचं तर मध्ये काही तास जाऊ द्या. एक-दोन दिवसांच्या वर हा उपाय ओढू नका. कीड तिथेच असते, फक्त तिची जाणीव होत नाही. दंतवैद्यही युजेनॉल वापरतात. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून त्याचं तात्पुरतं सिमेंट करतात, पण दात कोरून साफ केल्यानंतर. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काही असेल, तर तेलाच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

अंगाला लावताना

दुखऱ्या स्नायूंना चोळण्यासाठी ३० मिली खोबरेल, तीळ किंवा बदामाच्या तेलात ३ थेंब पुरतात. हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. त्यापुढे पुरळ उठण्याचा आणि ॲलर्जी जडण्याचा धोका वाढतो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबा. चेहरा, जखम आणि नाजूक जागा टाळा. अंघोळीच्या पाण्यात थेट टाकू नका. ते पाण्यात मिसळत नाही आणि त्याचे थेंब त्वचेला चिकटून भाजल्यासारखं करतात.

चुकून निव्वळ तेल अंगावर सांडलं तर आधी साधं खाद्यतेल लावून पुसून घ्या आणि मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र भरपूर वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. लहान मुलांना तर नाहीच, दात येतानाही नाही.

बुरशी, डास आणि बाकीचं

दमट भिंतीवरच्या बुरशीवर हे तेल चांगलं चालतं. आधी हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने जागा घासा आणि कोरडी करा. मग १ लिटर पाण्यात पाव छोटा चमचा तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घाला. लिक्विडशिवाय तेल तळाशीच बसून राहील. दर वेळी बाटली हलवून फवारा, काही तास राहू द्या आणि पुसा. रंग किंवा पॉलिश खराब होतंय का, ते कोपऱ्यात आधी पाहून घ्या. गळती किंवा ओल बंद केली नाही तर बुरशी परत येणारच.

डासांसाठी याची बरीच भलामण होते. डास दूर राहतात हे खरं, पण त्यासाठी जितकं दाट तेल लागतं तितकं त्वचेला सोसत नाही. पातळ केलेल्याचा भरवसा धरू नका.

डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत सुवास पसरवणाऱ्या उपकरणात, १-२ थेंब, तेही खिडकी उघडी ठेवून अर्धा तास. घरात मांजर किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हा प्रकार सोडूनच द्या.

जाता जाता: तैलरंगांत चित्र काढणारे रंग लवकर सुकू नये म्हणून त्यात या तेलाचा थेंब घालतात. जपानी तलवारींना गंज चढू नये म्हणून लावायच्या तेलातही ते असतं.

साठवण

गडद काचेची बाटली, घट्ट झाकण आणि उन्हापासून दूर थंड जागा. प्लॅस्टिकची बाटली नको, काही प्लॅस्टिकं या तेलाने मऊ पडतात. ड्रॉपरचं रबरही सतत वाफ लागून चिकट होतं, म्हणून तो वेगळा ठेवा. जुनं होऊन काळपट झालेलं तेल अंगाला लावू नका, साफसफाईत संपवा.

बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. ५ ते १० मिली तेल पोटात गेल्यावर लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. असं घडलंच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. कोणतं तेल, साधारण किती आणि केव्हा पोटात गेलं, हे डॉक्टर आधी विचारतील.