बार्बरा स्टॅनविकचे वेस्टर्न बघायचेत? मग वर्षाच्या क्रमाने बघू नका

आधीच सांगते, खाली शेवट फोडलेत. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सांगताच येत नाही, त्यामुळे ज्यांना स्पॉयलर चालत नाहीत त्यांनी आधी सिनेमे बघून या.

बार्बरा स्टॅनविक, जुन्या हॉलिवूडची नटी, म्हटलं की लोक लगेच 'डबल इन्डेम्निटी' सांगतात, १९४४ चा, आणि तो भारी आहेच. पण बाईचा खरा जीव होता घोडे, धूळ आणि बंदुकांमध्ये, म्हणजे वेस्टर्न सिनेमांमध्ये. गंमत म्हणजे मुलगी पक्की शहरातली. खरं नाव रूबी स्टीव्हन्स, जन्म १९०७, न्यूयॉर्कचं ब्रुकलिन. चार वर्षांची असताना आई ट्रामच्या अपघातात गेली, वडील पनामा कालव्याच्या कामावर म्हणून निघून गेले ते गेलेच, मग परक्या घरांमध्ये वाढली आणि विशीच्या आतच झीगफेल्ड फॉलीज या नाच-गाण्याच्या शोमध्ये कोरसमध्ये नाचायला लागली. तिच्या वेस्टर्नमधल्या बायका कुणाच्या भरवशावर का बसत नाहीत ते इथेच कळायला लागतं.

आता बघायचं कसं. प्रत्येक सिनेमात दोनच गोष्टी धरून ठेवा: मधल्या भागात गावाची, जमिनीची, पैशाची सूत्रं कोणाच्या हातात आहेत, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ती बाई कुठे उभी आहे. एवढंच. बाकी गोळीबार वगैरे आपोआप दिसतो.

सुरुवात 'द फ्युरीज' पासून करा, १९५०, दिग्दर्शक अँथनी मान. पहिला वेस्टर्न १९३५ चा 'अ‍ॅनी ओकली' आहे म्हणून तिथून सुरू करायचा मोह होईल पण तो ठीकठाक आहे, त्यात तिची ताकद कळत नाही. 'फ्युरीज' मध्ये ती व्हान्स जेफर्ड्स, मोठ्या रँचच्या मालकाची मुलगी, बाप वॉल्टर ह्यूस्टन (त्याचा हा शेवटचा सिनेमा). बाप-लेकीचं नातं इतकं चमत्कारिक की बघताना जरा अवघडायला होतं. बाप घरात नवी बाई आणतो तेव्हा व्हान्स तिच्या तोंडावर कात्री फेकते, तो सीन एकदा बघून सोडू नका, मागे नेऊन परत बघा आणि कात्रीकडे नाही तर स्टॅनविकच्या चेहऱ्याकडे बघा, राग येण्याच्या आधीची जी शांतता आहे ती. पण माझ्या मते खरी मजा पुढेच आहे. बाप स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या नोटांसारख्या वाटत असतो, लोक त्यांना टी.सी. म्हणतात, आणि लेक त्याच चिठ्ठ्या गुपचूप पडत्या भावात गोळा करून बापाला त्याच्याच कागदात बुडवते. वेस्टर्नमध्ये सूड म्हणजे पिस्तूल, इथे सूड म्हणजे हिशोब!

त्यानंतर लगेच मागे जाऊन 'अ‍ॅनी ओकली' बघा म्हणजे फरक टोचतो. खऱ्या अ‍ॅनीने, अमेरिकेतली नामांकित नेमबाज ती, नेमबाजीच्या सामन्यात फ्रँक बटलरला हरवलं होतं आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं. सिनेमातली अ‍ॅनी मात्र समोरच्या हिरोचं मन राखायला मुद्दाम नेम चुकवते. म्हणजे खऱ्या बाईला जे जमलं ते सिनेमातल्या बाईला करू दिलं नाही. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढे सारखी लागेल.

सेसिल बी. डिमिलचा 'युनियन पॅसिफिक' (१९३९) रेल्वेची आवड असेल तरच, नाहीतर सोडा. 'कॅटल क्वीन ऑफ मोन्टाना' (१९५४) कथेसाठी बघूच नका, निसर्गासाठी बघा, ग्लेशियर नॅशनल पार्कात शूटिंग झालंय आणि हिरो म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रोनाल्ड रेगन, झोप येत असेल तर येऊ द्या. 'द व्हायलंट मेन' (१९५५) मध्ये ती उघड व्हिलन आहे, जळत्या घरात अपंग नवऱ्याच्या कुबड्याच आगीत फेकते, आणि शेवटी मरते. मरणारच, अशा बाईला तेव्हाचा सिनेमा जिवंत ठेवत नव्हता.

आता 'फॉर्टी गन्स', १९५७, सॅम्युअल फुलर. हा मोबाईलवर बघू नका प्लीज. ब्लॅक अँड व्हाइट आहे पण सिनेमास्कोप, म्हणजे चांगलाच रुंद, त्यामुळे कडा कापलेली प्रिंट मिळाली तर बंद करा आणि पूर्ण रुंदीची शोधा, कारण पहिल्याच सीनमध्ये पांढऱ्या घोड्यावर काळ्या कपड्यातली ती आणि मागे चाळीस घोडेस्वार असे दोन-दोनच्या रांगेत धूळ उडवत जातात, ते कापलं तर राहिलं काय. जेसिका ड्रमंड, सगळा परगणा हिच्या खिशात, शेरीफसकट. वादळाच्या सीनमध्ये रिकिबीत पाय अडकून घोडा तिला फरफटत नेतो, तो स्टंट स्टंटवाले करायला तयार नव्हते म्हणून तिने स्वतः केला, तेव्हा वय ४९. आणि एवढं सगळं करून शेवट काय, तर सगळं सोडून ती हिरोच्या घोडागाडीमागे पळत जाते. फुलरला तिला मारायचं होतं, स्टुडिओला ते नको होतं. मला विचाराल तर दोन्ही शेवट तिच्यावर अन्यायच आहेत.

यानंतर तिचा पुढचा सिनेमा थेट १९६२ ला आला. मधल्या काळात ती टीव्हीवर गेली, स्वतःच्या नावाचा शो केला, १९६१ ला एमी (टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाली, 'वॅगन ट्रेन' या वेस्टर्न मालिकेत पाहुणी म्हणून आली. हे सगळं शोधत बसायची गरज नाही, सरळ 'द बिग व्हॅली' या मालिकेवर या. १९६५ ते १९६९, एबीसी वाहिनी, ११२ एपिसोड. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन, काळ १८७० चं दशक, आणि व्हिक्टोरिया बार्कली ही विधवा रँचची मालकीण. सुरू झाली तेव्हा स्टॅनविक ५८ ची होती. इथे आपली ती शेवटची दहा मिनिटं आठवा: नवरा आधीच गेलाय, पटवायला हिरो नाही, त्यामुळे शेवटी तिच्याकडून काही काढून घ्यायला कोणी उरतच नाही, आठवडा संपला तरी जमीन तिचीच. सिनेमाने वीस वर्षं जे दिलं नाही ते टीव्हीने दिलं, आणि १९६६ ला यासाठी एमी पण.

११२ एपिसोड सलग बघू नका, मधे मधे बरंच पाणी घातलेलं आहे. पहिला बघाच, त्यात हीथ येतो, तिच्या नवऱ्याचा बाहेरचा मुलगा (ली मेजर्स), आणि ती त्याला कसं घरात घेते ते सगळ्या मालिकेचं मूळ आहे. मग पहिल्याच सीझनमधला 'बूट्स विथ माय फादर्स नेम', त्यात ती हीथच्या जन्मगावी जाऊन नवऱ्याचं जुनं प्रकरण स्वतः उकरते. 'अर्थक्वेक' मध्ये चार्ल्स ब्रॉन्सन आहे. 'टीचर ऑफ आउटलॉज' हलकाफुलका, शिक्षिका समजून दरोडेखोर तिलाच पळवतात. दुसऱ्या सीझनमधला 'डाउन शॅडो स्ट्रीट' रात्री एकट्याने नको, तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबतात.

एकच वीकेंड असेल तर शनिवारी 'फ्युरीज', रविवारी दुपारी 'फॉर्टी गन्स' आणि लगेच, चहा वगैरे घेऊन गॅप न पाडता, 'बिग व्हॅली' चा पहिला एपिसोड.