जुन्या, रोज चालवायच्या गाडीसाठी शॉकअप आणि स्प्रिंग कसे निवडावेत

गाडीला बारा-पंधरा वर्षे झाली, लाखभर किलोमीटर पार पडले, की एके दिवशी ओळखीच्याच गतिरोधकावर तळ घासतो आणि गॅरेजमध्ये दोन मिनिटांत निदान होते: ‘शॉकअप गेले, चारही बदलून टाका.’ हे निदान बहुधा अर्धेच बरोबर असते. गाडीचे वजन पेलून तिला जमिनीपासून ठरावीक उंचीवर धरून ठेवण्याचे काम स्प्रिंगचे आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या शॉकअपचे, काम त्या स्प्रिंगचे उसळणे आवरण्याचे आहे. आतले तेल बारीक झडपांमधून ढकलले जाते आणि उसळीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेव्हा गाडी बसली असेल, म्हणजे उंचीला खाली आली असेल, तर नवे शॉकअप तिला वर उचलणार नाहीत, आणि गाडी डुलत असेल तर नव्या स्प्रिंगने ती शांत होणार नाही.

हा फरक मला पैसे खर्च करून कळला. माझ्याकडे २०१० सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. ती मागून बसू लागली तेव्हा एका गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने मी चारही शॉकअप बदलले, तेही ‘हेवी ड्युटी’ म्हणून मिळणारे कडक, आणि स्प्रिंगा जुन्याच राहू दिल्या. गाडी वर आली नाहीच, उलट गतिरोधकाच्या आधी रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून जाताना ती आणखी खाली दबून दणके देऊ लागली. कारण साधे होते. थकलेल्या स्प्रिंगमध्ये चाक लवकर खाली ढकलण्याचा जोर उरलेला नव्हता, आणि कडक शॉकअप तिचे उघडणे आणखी संथ करत होता. एका पट्टीवर दबलेले चाक पूर्ण परत येण्याआधीच दुसरी पट्टी येत होती, आणि गाडी पट्टीगणिक खाली उतरत रबरी स्टॉपरवर आदळत होती. म्हणून माझे ठाम मत आहे की दुकानात जाण्याआधी स्प्रिंगची अवस्था मोजून घ्यावी आणि मगच शॉकअपचा विचार करावा.

मोजण्यासाठी एक मेजरिंग टेप पुरते. चारही टायरमध्ये पुस्तिकेत दिलेली हवा भरावी, डिकी रिकामी करावी आणि टाकी साधारण अर्धी असावी. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सैल होऊ द्यावी आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या काठापर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरची झीज मिसळते. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे एकदा मोजून झाल्यावर गाडी वळवून, त्याच जागी उलट तोंडाने उभी करून पुन्हा मोजावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूंत दहा मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे असे समजून खाली वाकून पाहावे. आपल्याकडे उजवी बाजू आधी बसलेली आढळते, कारण रोज एकटाच चालक उजव्या हाताला बसलेला असतो. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर मात्र आपल्याच गाडीच्या मापांवरून काही कळत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, कमी चाललेली एखादी गाडी शोधून तिच्याशी तुलना करावी लागते. माझी गाडी मागून अशा गाडीपेक्षा अठरा मिलिमीटर खाली निघाली. स्विफ्टच्या पोटाखालची मोकळी जागा मुळात १७० मिलिमीटरची, त्यात अठरा गेले की प्रत्येक गतिरोधक परीक्षा घेतो.

स्प्रिंग तुटते ती बहुधा सगळ्यात खालच्या वेढ्यात, जिथे ती बशीत टेकते आणि चिखल साचतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा व लाल चिखल यांमुळे हे लवकर घडते; तिथल्या गाडीचे चाक काढून, खालचा वेढा पाण्याने धुऊन, बोटांनी चाचपून पाहावा. तुटलेला तुकडा सरकून टायरच्या बाजूला लागला तर टायर फाटू शकतो, म्हणून तशी स्प्रिंग दिसल्यास ते काम पुढे ढकलू नये.

आता शॉकअप. कोपरा दाबून सोडण्याची चाचणी सर्वांना माहीत आहे: गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हावी, डुलत राहू नये. परंतु ही चाचणी पूर्ण मेलेला शॉकअपच पकडते, अर्धवट थकलेला तिच्यातून सुटतो. त्याहून भरवशाच्या दोन खुणा आहेत. पहिली, टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवावा. थोड्याथोड्या अंतरावर उंच-सखल खळगे लागले तर चाक रस्त्यावर नाचत आहे असे समजावे. दुसरी, खडबडीत रस्त्यावरून पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावावा, अर्थात सायलेन्सर आणि ब्रेक डिस्कपासून हात जपून. काम करणारा शॉकअप कोमट झालेला असतो. जोडीदार कोमट आणि हा गार असेल, तर हा काहीच काम करत नाही. नळीच्या वरच्या भागात तेलाचा पुसट ओलावा असणे हा दोष नव्हे, पण ओघळ खालपर्यंत आलेला आणि त्यावर धुळीचा चिकट थर जमलेला असेल, तर आतले सील गेलेले आहे.

खडखड आवाजावरून मात्र शॉकअपला दोषी ठरवू नये. खडबडीत रस्त्यावरची टकटक पुष्कळदा लिंक रॉडची (स्ट्रटला अडकवलेल्या छोट्या सळईची), चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशची किंवा स्ट्रट माउंटिंगची असते (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग ज्यावर चढवलेली असते तो पुढचा शॉकअप), आणि हे भाग स्ट्रटपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत. ते आधी तपासून घेतल्यास कधीकधी मोठा खर्च टळतो.

स्प्रिंग निवडताना मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या डिझेल गाडीचे इंजिन जड असल्यामुळे तिच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलपेक्षा वेगळ्या असतात, आणि दुकानदाराने ‘दोन्हीला चालते’ असे सांगितले तरी ते मान्य करू नये. चुकीची स्प्रिंग जागेवर चढते व्यवस्थित, पण गाडीचे नाक वर किंवा खाली राहते. चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्यावा. जुन्या स्प्रिंगच्या वेढ्यावर कारखान्यात मारलेले रंगाचे ठिपके शिल्लक असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवावा. त्या रंगांवरून स्प्रिंगची प्रत ओळखतात, आणि डाव्या-उजव्या स्प्रिंगा एकाच रंगाच्या आहेत ना हे नवी जोडी घेताना पाहावे. काही गाड्यांत डावी आणि उजवी स्प्रिंग मुळातच वेगळी असते, तेव्हा पार्ट नंबरच अंतिम मानावा.

तारेच्या जाडीबद्दल इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण बाजारात फसगत इथेच होते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. याचा अर्थ असा, की बारा मिलिमीटरच्या जागी साडेअकरा मिलिमीटरची तार आली, वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच राहिली, तर स्प्रिंग सुमारे १६ टक्के मऊ होते. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. जाडी मोजायच्या व्हर्नियर कॅलिपरला दिसतो. लोकल स्प्रिंग स्वस्त मिळत असेल तर जुन्या मूळ स्प्रिंगचा गंज घासून काढून दोन्हींची तार मोजावी आणि वेढे मोजावेत. नुसती उंची जुळवून घेण्यात अर्थ नाही, कारण मऊ तारेची उंच स्प्रिंग पहिल्या दिवशी छान दिसते आणि चार माणसे बसताच बसते.

रोजच्या गाडीचा खरा भार किती, हेही प्रामाणिकपणे मोजावे. एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला मूळ मापाचीच स्प्रिंग योग्य आहे. वर्षातून दोनदा पाच माणसे आणि सामान घेऊन गावी जायचे म्हणून उरलेले वर्षभर कडक गाडीत बसण्यात हित नाही. सीएनजी किट बाहेरून बसवलेल्यांची गोष्ट निराळी. साठ लिटरच्या पोलादी टाकीचे वजन पन्नास-साठ किलो भरते आणि ते कायम मागच्या एक्सलवर असते, म्हणजे एक प्रवासी कधी उतरतच नाही. ज्या मॉडेलची कंपनीने बसवलेल्या सीएनजीची आवृत्ती निघते, तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा आहे का हे विचारून, तोच आपल्या गाडीला जुळत असल्यास तो घ्यावा. वेढ्यांच्या मध्ये अडकवायचे रबरी बफर हा त्यावरचा उपाय नाही: ते काही वेढ्यांना काम करू देत नाहीत, उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो, आणि थकलेली स्प्रिंग तुटायला निमित्त मिळते. गाडी खाली आणण्यासाठी वेढे कापणे किंवा स्प्रिंग तापवणे तर कोणी करूच नये. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, ते वेगळेच.

शॉकअपच्या बाबतीत माझा सल्ला मूळ दर्जाचाच माल घेण्याचा आहे. चाकणला कारखाना असलेली आणि १९६१ पासून हेच काम करणारी गॅब्रिएल, तसेच मोनरो आणि जपानची केवायबी ही नावे आपल्या बाजारात परिचित आहेत. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात मिळणारा शॉकअपही अशाच एखाद्या कारखान्यातून आलेला असतो, म्हणून नळीवरची छाप वाचावी. साधा तेलाचा की गॅसचा, असा प्रश्न दुकानात विचारला जातो. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलावर नायट्रोजनचा दाब असल्याने सतत हलल्यावर तेलाला फेस येत नाही, आणि फेस आला की शॉकअपचा जोर जातो. घाटातून किंवा खराब रस्त्यावरून रोज लांब जाणाऱ्याने गॅसचा घ्यावा. शहरात फिरणाऱ्या गाडीला मूळचा तेलाचा असेल तर तेलाचा पुरतो. एका एक्सलवर एक तेलाचा आणि एक गॅसचा, किंवा एक नवा आणि एक जुना, असे मात्र कधीही करू नये, कारण जोराचा ब्रेक लागल्यावर आणि वळणावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात.

‘रिकंडिशन’ केलेले शॉकअप, म्हणजे नळीला भोक पाडून तेल भरून ते पुन्हा बंद केलेले, कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. तेल नवे असते. आतल्या झडपा, सील आणि झिजलेला दांडा जुनाच असतो. महिनाभरात तोच ओघळ पुन्हा दिसतो.

खोके दुकानातच उघडावे. डावा आणि उजवा स्ट्रट वेगळा असतो. ब्रेकचा पाइप आणि लिंक रॉड अडकवायचे ब्रॅकेट जुन्याशी ताडून पाहावे. मग स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा. पहिल्या एक-दोन वेळा आत अडकलेल्या हवेमुळे पोकळ लागेल, त्यानंतर सर्व अंतर एकसारखा जोर लागला पाहिजे, आणि दाबण्यापेक्षा ओढायला जड गेले पाहिजे. गॅसचा असेल तर दांडा आपोआप वर येतो. तेलाचा आला नाही तर तो दोष नाही.

पैसे एकदम जमत नसतील तर कामाची विभागणी एक्सलप्रमाणे करावी. स्विफ्टसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि स्प्रिंग त्यावरच चढवलेली असते, त्यामुळे स्ट्रट बदलताना स्प्रिंग सुटतेच. तेव्हाच ती बदलली तर मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही. माउंटिंग, त्याचे बेअरिंग, बंप स्टॉपर आणि डस्ट कव्हर त्याच वेळी नवे घालावे. फाटलेल्या कव्हरातून गेलेली माती नव्या स्ट्रटचे सील वर्षभरात खाते. मागे टॉर्शन बीमवर, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणून तिथे फक्त शॉकअप किंवा फक्त स्प्रिंग बदलणे सोपे आहे.

काम चालू असताना शक्य असेल तर जवळ उभे राहावे. पुढची स्प्रिंग दाबलेली असताना तिच्यात काहीशे किलोचा जोर असतो, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये आणि घरी तर करूच नये. वरचा नट काढताना चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नये; त्यावर उठलेला एक ओरखडा सील कापायला पुरेसा असतो. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यावर मग ते आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांत फाटते. हे सांगितले तर कारागीर क्वचित नाराज होतो, पण सांगावे.

गाडी हाती आल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावे, कारण पुढचे स्ट्रट सुटले की चाकांचे कोन बदलतात. पाचशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत आणि पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच पद्धतीने चारही मापे घ्यावीत. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात, म्हणून पहिल्या दिवसाचे माप धरू नये. ही मापे बिलाच्या पाठीमागे तारीख आणि किलोमीटरसह लिहून गाडीच्या कागदांत ठेवावीत. माझ्या बिलावर मागच्या दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरचा फरक नोंदवलेला आहे, आणि पुढच्या तपासणीला मी त्याच आकड्यांशी तुलना करतो.